आयझॅक रॉबर्ट्स यांची दुर्बीण

दिवाळी सरून थंडी पडू लागली की रात्री नऊच्या सुमारास अंगणात उभे राहून वर पाहावे. माथ्याच्या आसपास भाद्रपदांचा चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसतो. त्याच्या ईशान्येकडील कोपऱ्यापासून ताऱ्यांची एक ओळ निघते, ती देवयानी. चंद्र नसेल आणि गावचे दिवे दूर असतील, तर या ओळीच्या उत्तरेला एक पुसट, लांबट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. काचेवर तोंडाची वाफ लागावी तसा तो असतो. इराणातील ज्योतिषी अल्-सूफी याने सन ९६४ च्या सुमारास आपल्या ग्रंथात त्याची नोंद करून ठेवली आहे. पुढे दुर्बिणी आल्या, मोठ्या झाल्या, तरी सुमारे पावणेतीनशे वर्षे त्या ठिपक्याचे नीट रूप कोणाच्या हाती लागले नाही.

ते प्रथम हाती लागले १८८८ साली, आणि तेही एखाद्या राजाश्रयाच्या वेधशाळेला नव्हे, तर घरे बांधण्याचा धंदा करणाऱ्या एका कंत्राटदाराला. लिव्हरपूल शहराबाहेरच्या आपल्या घराच्या आवारात त्याने दुर्बीण उभारली होती. त्याचे नाव आयझॅक रॉबर्ट्स. आपल्या मराठी पवित्र शास्त्राच्या वळणाने म्हणायचे तर इसहाक.

रॉबर्ट्स यांचा जन्म २७ जानेवारी १८२९ रोजी वेल्समधील डेन्बीशायर परगण्यात ग्रोस या खेड्यात झाला. वडील शेतकरी. आयझॅक लहान असतानाच हे कुटुंब पोटापाण्यासाठी लिव्हरपूलला येऊन राहिले. त्या काळी लिव्हरपूलमध्ये वेल्श लोकांची वस्ती इतकी होती की त्यांची स्वतःची उपासनामंदिरे होती, त्यांत वेल्श भाषेत गीते व प्रवचने चालत, आणि शहरातील बांधकामाचा धंदा बराचसा त्यांच्याच हाती होता. रॉबर्ट्स यांनी उभे आयुष्य इंग्लंडात काढले, पण आपली वेल्श भाषा सोडली नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद इकडे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या वाचकांना याचा अर्थ निराळा सांगायला नको.

१८४४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांना एका बांधकाम पेढीत सात वर्षांच्या उमेदवारीला लावण्यात आले. दिवसभर विटा, चुना, लाकूड आणि मजुरांचे हिशेब. संध्याकाळी कामकरी लोकांसाठी चालणारे रात्रीचे वर्ग. शिक्षण झाले ते असे. विद्यापीठाचे तोंड त्यांनी विद्यार्थी म्हणून कधी पाहिले नाही. उमेदवारी संपली, ते त्याच पेढीचे व्यवस्थापक झाले, आणि १८५९ मध्ये त्यांनी स्वतःचा धंदा सुरू केला. तीन वर्षांनी रॉबिन्सन नावाचे भागीदार मिळाले. धंदा भरभराटीला आला आणि पैसा आला. त्या पैशाचे पुढे काय झाले हेच या चरित्रात सांगण्यासारखे आहे.

प्रथम त्यांचे मन जमिनीकडे वळले. बांधकाम करणाऱ्या माणसाला पाया खणावा लागतो, विहिरी पाहाव्या लागतात. लिव्हरपूलच्या परिसरातील वाळूच्या दगडातून पाणी कसे झिरपते याचा त्यांनी अभ्यास केला. १८७० मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. म्हणजे आकाशाकडे वळण्यापूर्वी चाळिशीचे रॉबर्ट्स जमिनीखालच्या पाण्याची मोजमापे घेत होते. मोजून पाहिल्याशिवाय बोलायचे नाही, ही सवय तेथली.

१८७८ च्या सुमारास त्यांनी सात इंच भिंगाची एक चांगली दुर्बीण घेतली. तेव्हा ते पन्नाशीला आले होते. १८८२ मध्ये ते शहराबाहेर मॅगहल येथे राहावयास गेले आणि पुढच्या वर्षी त्यांनी साध्या फोटोग्राफीच्या भिंगांनी ताऱ्यांचे फोटो घेण्याचे प्रयोग सुरू केले.

येथे थोडे थांबून त्या काळातील अडचण सांगितली पाहिजे. तेजोमेघ म्हणून ओळखले जाणारे आकाशातील अंधुक ढग ज्योतिषी डोळ्यांनी पाहून कागदावर पेन्सिलीने काढीत. आयर्लंडमधील लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये सहा फूट व्यासाच्या आरशाच्या प्रचंड दुर्बिणीतून अशाच एका मेघाची भोवऱ्यासारखी रचना पाहिली आणि तिचे चित्र काढले. पण दोघांनी काढलेली एकाच मेघाची चित्रे एकमेकांशी जुळत नसत. अंधारात अर्धवट दिसलेले आणि मनाने पुरे केलेले यांत भेद कोण करणार? देवयानीच्या मेघाचेही असेच झाले. हार्वर्डच्या बाँड यांनी १८४७ मध्ये त्यात दोन काळ्या रेघा पाहिल्या. त्या कशाच्या, हे कोणाला सांगता येईना.

डोळ्याची आणखी एक मर्यादा आहे. तासभर टक लावून पाहिले म्हणून डोळ्याला अधिक दिसत नाही. फोटोच्या काचेचे तसे नाही. तिच्यावर पडलेला प्रकाश साठत जातो. दहा मिनिटांत न उमटलेले तीन तासांत उमटते. मात्र जुन्या ओल्या प्लेटा काही मिनिटांतच सुकून निकामी होत, म्हणून त्यांच्यावर लांबचे फोटो घेता येत नसत. १८७० नंतरच्या दशकात जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा निघाल्या आणि हे दार उघडले. न्यूयॉर्कचे डॉ. हेन्री ड्रेपर यांनी १८८० मध्ये मृग नक्षत्रातील तेजोमेघाचा पहिला फोटो काढला. १८८३ मध्ये लंडनजवळ ईलिंग येथे अँड्र्यू कॉमन यांनी त्याच मेघाचा असा फोटो काढला की त्यात डोळ्याला दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे उमटले होते. हे कॉमनही धंद्याने ज्योतिषी नव्हते. सांडपाण्याच्या कामातील इंजिनिअर होते, आणि त्यांची तीन फुटी दुर्बीण घराच्या बागेतच होती.

रॉबर्ट्स यांनी डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्या कारखान्यातून वीस इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण करवून घेतली. ती १८८५ मध्ये मॅगहलला बसली. काचेच्या आरशावर चांदीचा पातळ मुलामा, आणि आरशापासून सुमारे आठ फुटांवर, जेथे किरण एकत्र येतात तेथेच, नळीच्या तोंडाशी फोटोची प्लेट. मध्ये दुसरा आरसा नाही, कारण प्रत्येक आरसा थोडा प्रकाश खातो. जुनी सात इंची दुर्बीण त्यांनी याच बैठकीवर दुसऱ्या बाजूस जोडली.

ती कशासाठी? पृथ्वी फिरते, म्हणून आकाश सरकते. देवयानीच्या जागी असलेल्या ताऱ्याची प्रतिमा या दुर्बिणीच्या प्लेटवर एका सेकंदात मिलिमीटरच्या सुमारे सातव्या हिश्श्याने सरकली असती. प्लेट चार तास उघडी ठेवायची तर ताऱ्याचा ठिपका न होता लांबलचक ओरखडा उमटायचा. म्हणून घड्याळासारख्या यंत्राने सारी दुर्बीण आकाशाच्या चालीने फिरवायची. पण त्या काळचे असे कोणतेही यंत्र तासन्‌तास अचूक चालत नसे. तेव्हा दुसऱ्या दुर्बिणीला डोळा लावून एक तारा बारीक तारांच्या फुलीवर धरून ठेवायचा. तो केसभर हलला की हळूच सावरायचे. तो तारा सुटला की तोपर्यंतची सारी रात्र वाया. घुमटाचे तोंड उघडे, शेगडी पेटवता येत नाही कारण गरम हवेने प्रतिमा थरथरते, आणि इंग्लंडातला डिसेंबर! ज्यांनी ख्रिस्तजन्माच्या रात्री मंदिरात आपल्याकडची थंडी सोसली आहे त्यांनी तिला चारपाच पटींनी गुणावे.

१८८६ च्या अखेरीस त्यांनी कृत्तिकांचे सुमारे तीन तासांचे फोटो घेतले. त्यांत ते तेजस्वी तारे धुक्याच्या पदरांत गुंडाळलेले दिसले. यांपैकी थोडासा मेघ पूर्वी काहींनी पाहिला होता, पण एवढा पसारा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. शब्बाथशाळेत ईयोबाच्या पुस्तकाचा ३८ वा अध्याय शिकवताना कृत्तिका आणि मृग ही नावे येतात. मुलांना या दोन फोटोंची गोष्ट सांगावी. ही नक्षत्रे आजही त्यांना घराच्या दारातून दाखवता येतील.

याच सुमारास रॉबर्ट्स यांनी एक बेत सोडून दिला. उत्तर आकाशातील ताऱ्यांचा फोटोंच्या साह्याने नकाशा करावा असे त्यांच्या मनात होते. पण १८८७ मध्ये पॅरिस येथे अनेक देशांच्या ज्योतिषांनी एकत्र येऊन तेच काम वेधशाळांनी वाटून घ्यायचे ठरवले. एकट्या माणसाने त्यांच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नव्हता. रॉबर्ट्स तेजोमेघांकडे वळले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होय.

१८८८ मध्ये त्यांनी धंद्यातून अंग काढून घेतले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात देवयानीकडे दुर्बीण लावली. २९ डिसेंबर १८८८ रोजी सुमारे चार तास उघडी ठेवलेली त्यांची प्लेट पुढे फार प्रसिद्ध झाली. वाफेच्या त्या डागाच्या जागी मध्ये एक तेजस्वी गाभा, त्याभोवती एकाआड एक प्रकाशाच्या आणि काळोखाच्या पट्ट्या, आणि शेजारी दोन लहान मेघ असे चित्र उमटले. बाँड यांच्या काळ्या रेघा म्हणजे त्या पट्ट्यांमधल्या फटींचा एक तुकडा होता. लंडनच्या राजज्योतिष संस्थेत हे फोटो दाखवले गेले तेव्हा जाणत्यांना आश्चर्य वाटले. त्या पट्ट्या प्रथम त्यांना शनीच्या कड्यांसारख्या अलग कड्या वाटल्या. नंतरच्या प्लेटा पाहिल्यावर रॉबर्ट्स यांची खात्री झाली की ही कडी नसून एकातून एक उलगडत जाणारे भोवऱ्याचे फाटे आहेत.

आता या गोष्टीतील अवघड भाग. आपण काय पाहिले असे रॉबर्ट्स यांना वाटले? त्यांना वाटले की एक नवा सूर्य जन्माला येत आहे. फ्रेंच गणिती लाप्लास यांनी पूर्वी असे मांडले होते की आपला सूर्य व ग्रह वायूच्या एका फिरत्या मेघातून घडले. मेघ आकसत गेला, त्याची कडी सुटली, आणि कड्यांचे ग्रह झाले. रॉबर्ट्स यांना व इतर अनेकांना देवयानीची ती प्लेट म्हणजे या कल्पनेचा डोळ्यांदेखत पुरावा वाटली. शेजारचे दोन लहान मेघ म्हणजे होऊ घातलेले ग्रह!

त्यांना हसण्याचे कारण नाही. १८८५ च्या ऑगस्टमध्ये याच मेघाच्या गाभ्याजवळ एक नवा तारा उजळला होता. साऱ्या मेघाच्या प्रकाशाचा सुमारे दहावा हिस्सा त्या एका ताऱ्याचा होता. मेघ जर कोट्यवधी ताऱ्यांचा आणि अतिशय दूर असेल, तर एका ताऱ्याला एवढे तेज येईल कसे? तेव्हा मेघ जवळचाच आणि वायूचाच असला पाहिजे, असा तर्क होता. ताऱ्यांचे असे प्रचंड स्फोट होऊ शकतात हे त्या पिढीला ठाऊक नव्हते. तरीही शंकेला जागा होती. १८९९ मध्ये जर्मनीतील पॉट्सडॅमचे शाइनर यांनी त्या मेघाच्या प्रकाशाचे पृथक्करण केले, तर तो वायूसारखा नव्हे, पुष्कळसा आपल्या सूर्याच्या प्रकाशासारखा निघाला. म्हणजे तेथे तारे असले पाहिजेत. हे रॉबर्ट्स यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले, पण त्यांच्या मतात त्याने फरक पडल्याचे दिसत नाही.

मत ठरले की ते सहज सोडणाऱ्यांपैकी ते नव्हते. विल्यम हर्शेल यांनी शंभर वर्षांपूर्वी आकाशातील ५२ जागा मेघाच्छादित म्हणून नोंदल्या होत्या. रॉबर्ट्स यांनी त्या सर्वांचे फोटो घेतले आणि १९०२ मध्ये जाहीर केले की त्यांपैकी फक्त चार ठिकाणी मेघ आहे. अमेरिकेतील बर्नार्ड यांना हे पटले नाही. लहान भिंगाच्या, पण आकाशाचा मोठा भाग एकदम टिपणाऱ्या कॅमेऱ्यांत त्यांना यांपैकी काही ठिकाणी मेघ दिसत होता. आपल्या दुर्बिणीला जे दिसत नाही ते नाहीच, असे रॉबर्ट्स यांनी धरून चालायला नको होते, असे आज म्हणावे लागते.

पण या हट्टी माणसाने एक गोष्ट केली. १८९३ आणि १८९९ मध्ये त्याने आपले निवडक फोटो दोन मोठ्या ग्रंथांत छापले. प्रत्येक फोटोबरोबर तारीख, प्लेट किती वेळ उघडी होती ते, आणि आकाशातील जागा दिली, म्हणजे कोणालाही मोजता यावे, पडताळता यावे. जुन्या काचांवरचे अंधुक तारे काही वर्षांनी पुसट होतात हे ध्यानात आल्यावर त्यांना काळजी लागली. फोटोतील ताऱ्यांच्या जागा तांब्याच्या पत्र्यावर कोरण्याचे एक यंत्रही त्यांनी बनवले. आपले मत टिकावे म्हणून नव्हे, प्लेटवर उमटलेले टिकावे म्हणून ही धडपड होती.

आणि त्याचा उपयोग झाला. हार्वर्ड वेधशाळेत काम करणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी (या काँग्रिगेशनल मंडळीच्या एका पाळकांच्या कन्या) फोटोच्या प्लेटा तपासून काही स्पंदणाऱ्या ताऱ्यांची खरी तेजस्विता ओळखण्याचा नियम शोधला. तो १९१२ मध्ये पक्का झाला. त्या नियमाच्या आधारे एडविन हबल यांनी १९२३ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीने देवयानीच्या मेघातील अशा एका ताऱ्यावरून त्याचे अंतर काढले. ते सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे आले. आज ते सुमारे २५ लाख मानले जाते. म्हणजे तो मेघ नव्हे, आपल्या आकाशगंगेसारखी अब्जावधी ताऱ्यांची स्वतंत्र दीर्घिका. होऊ घातलेले ग्रह म्हणजे तिच्या सोबतच्या दोन लहान दीर्घिका. रॉबर्ट्स यांच्या प्लेटमधील प्रत्येक पट्टी खरी होती आणि तिच्याखाली त्यांनी सांगितलेला अर्थ चुकीचा होता.

आता थोडे इकडचे. रॉबर्ट्स यांची दुर्बीण जेथे घडली त्याच ग्रब यांच्या कारखान्यातून तेवढ्याच, वीस इंची, आरशाची एक दुर्बीण पुण्यालाही आली. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी आणि मुंबई सरकार यांच्या पैशाने प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती १८८८ च्या सुमारास पुण्याच्या सायन्स कॉलेजात उभारली. रॉबर्ट्स यांच्याप्रमाणे फोटो काढण्यापेक्षा त्यांचा भर प्रकाशाचे पृथक्करण करण्यावर होता. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यानंतर पुण्याची ती दुर्बीण कोडाईकनालला गेली.

मॅगहलच्या आकाशात लिव्हरपूलचा धूर येई. म्हणून १८९० मध्ये रॉबर्ट्स दक्षिणेकडे ससेक्समधील क्रोबरो या सुमारे आठशे फूट उंचीच्या टेकडीवरील गावी गेले. घराचे नाव ठेवले स्टारफील्ड, म्हणजे ताऱ्यांचे शेत. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सभासदत्व दिले, १८९२ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने सन्मान्य डॉक्टरेट दिली, आणि १८९५ मध्ये राजज्योतिष संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. रात्रीच्या वर्गांत शिकलेल्या उमेदवाराला आणखी काय हवे? मात्र एक सांगितले पाहिजे. १८९२ पासून फ्रँक्स नावाचे सहाय्यक त्यांच्याकडे होते आणि क्रोबरोच्या बऱ्याच प्लेटा त्यांच्या हातच्या आहेत. थंडीत ताऱ्यावर डोळा ठेवून बसलेल्या माणसाचे नाव पुष्कळदा मागे राहते.

१८९६ च्या ऑगस्टमध्ये खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी रॉबर्ट्स जहाजाने नॉर्वेला गेले. ढगांनी ग्रहण दिसू दिले नाही. पण त्या प्रवासात त्यांची डोरोथिया क्लुम्पके या विदुषीशी ओळख झाली. त्या मूळच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या. सोर्बोन विद्यापीठाची गणिताची डॉक्टरेट त्यांनी १८९३ मध्ये मिळवली होती आणि पॅरिस वेधशाळेत ताऱ्यांच्या फोटोंची मोजमापे करणाऱ्या विभागाच्या त्या प्रमुख होत्या. १८९९ मध्ये उल्का पाहण्यासाठी त्या बलूनमध्ये बसून वर गेल्या होत्या. १९०१ मध्ये दोघांचा विवाह झाला. रॉबर्ट्स तेव्हा बहात्तर वर्षांचे, त्या चाळिशीच्या. त्यांचा हा दुसरा विवाह. पॅरिसची नोकरी सोडून त्या क्रोबरोला आल्या. संसार तीनच वर्षांचा झाला. १७ जुलै १९०४ रोजी रॉबर्ट्स अकस्मात वारले. मिळवलेल्या पैशातला मोठा भाग त्यांनी लिव्हरपूल, बँगोर आणि कार्डिफ येथील विद्यापीठांना शिष्यवृत्त्यांसाठी ठेवला होता. १९०९ मध्ये त्यांची रक्षा बर्कनहेडच्या स्मशानभूमीत ठेवण्यात आली.

त्यांनी सुरू केलेली परंपरा मात्र चालू आहे. आता प्लेटच्या जागी इलेक्ट्रॉनिक कॅमेरा आहे, तारा धरून ठेवण्याचे काम संगणक करतो, आणि रॉबर्ट्स यांच्या रात्रीचे फळ हौशी माणसाला घराच्या गच्चीवरून काही मिनिटांत मिळते. तरीही नवे काही सापडायचे तर बैठक लांबच लागते. फ्रान्स व जर्मनीतील काही हौशी मंडळींनी २०२२ मध्ये देवयानी दीर्घिकेचे शंभराहून अधिक तासांचे फोटो एकत्र केले, तेव्हा तिच्या शेजारी प्राणवायूच्या प्रकाशाची एक अंधुक कमान उमटली. आजवर हजारो फोटोंत ती कोणाला दिसली नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला.

डोरोथियाबाईंनी पतीच्या प्लेटा सांभाळल्या, तपासल्या, आणि हर्शेल यांच्या त्या ५२ जागांचे फोटो १९२९ मध्ये पतीच्या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पतीने मेघ नाही असे ज्या जागांविषयी लिहिले होते, त्या जागांचे फोटोही त्यात आहेत. ज्याला शंका असेल त्याने ते स्वतः पाहावेत. १९३२ मध्ये फ्रेंच अकादमीने या ग्रंथासाठी त्यांना पारितोषिक दिले. तेव्हा पतीच्या निधनाला अठ्ठावीस वर्षे झाली होती.